नातवंडांच्या जखमेवर कोणती पट्टी?



या पंधरवड्यात मोहोपाड्याहून एका आजींचा प्रश्न आमच्याकडे आला. त्यांच्या चार वर्षांच्या नातवाच्या हातावर चहा सांडला. दवाखान्यात पहिली मलमपट्टी झाली आणि पुढच्या पट्ट्या घरीच बदला, असे सांगण्यात आले. मुलगा आणि सून दोघेही पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, तेव्हा हे काम आजींकडे आले. मेडिकलच्या दुकानदाराने त्यांच्यापुढे पाच तऱ्हेच्या पट्ट्या ठेवल्या. एक काही रुपयांची, तर दुसरी काही शेकड्यांची. आजी विचारतात, “महागडी घेतली तर जखम लवकर भरेल का? आणि स्वस्त घेतली तर मी नातवाचे नुकसान केले असे होईल का?”

हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत मुले दिवसभर आजी-आजोबांच्या स्वाधीन असलेली घरे पुष्कळ आहेत. उत्तर प्रथमच सांगून टाकतो : पट्टीची किंमत हा निवडीचा निकष नव्हे. जखम किती खोल आहे, किती पाझरते आणि कोठे आहे, यावर पट्टी ठरते. त्याच पट्टीत मूल खेळणार, झोपणार आणि रडणार असते, म्हणून मुलाचाही विचार करावा लागतो. हे सारे पाहून घेतलेली स्वस्त पट्टी ही न पाहता घेतलेल्या महाग पट्टीहून केव्हाही चांगली.

मुलांची त्वचा निराळी असते

लहान मुलाची त्वचा प्रौढांपेक्षा पातळ असते. त्यामुळे जो चहा आपल्या हातावर केवळ लाली आणतो, तोच मुलाच्या हातावर फोड आणू शकतो. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. उघड्या जखमेतून पाणी आणि उष्णता लवकर निघून जातात, आणि जखमेवर लावलेले औषधही शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. म्हणूनच मोठ्यांना चालणारी काही औषधे तान्ह्या बाळांना चालत नाहीत. भाजण्यावर सर्रास वापरले जाणारे चांदीयुक्त पांढरे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये. आयोडीनयुक्त तांबडे औषध नवजात बाळाच्या मोठ्या जखमेवर वारंवार लावल्यास त्याच्या थायरॉइड ग्रंथीच्या कामात बिघाड होऊ शकतो. घरात उरलेली ट्यूब बाळाला लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

याला एक सुखद बाजूही आहे. मुलांची जखम आपल्यापेक्षा लवकर भरते. आपण तिच्या मार्गात अडथळा आणला नाही, तर निम्मे काम निसर्गच करतो.

जखम सुकवावी की ओलसर ठेवावी?

आपल्या पिढीला एकच शिकवण मिळाली : जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की बरी झाली. ही समजूत चुकीची असल्याचे १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधील संशोधकाने दाखवून दिले. त्याने लहान डुकरांच्या अंगावरील वरवरच्या काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली. कारण सोपे आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून ओल्या पृष्ठभागावर सरकत येतात. खपली धरली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलसर याचा अर्थ चिंब मात्र नव्हे. पाझर साचून भोवतालची त्वचा पांढरी आणि भिजल्यासारखी झाली, तर तेही हानिकारकच.

या विचाराचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच मुंबईत लिहिला गेला आणि तोही मुलांसाठी. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय हे १९२९ पासून मुलांचे रुग्णालय आहे. भाजलेल्या मुलांच्या जखमांवर साधे कापडी गॉज लावले की ते जखमेला चिकटे, जखम कोरडी पडे, आणि पट्टी काढताना नव्याने आलेली त्वचा सोलून निघे. परदेशी पट्ट्या तर परवडण्याजोग्या नव्हत्या. डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीच्या कापडावर चिकटवून, त्या निर्जंतुक करून जखमांवर वापरल्या. १९८५ मध्ये त्यांनी आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९९० मध्ये अधिक तपशीलवार अभ्यास मांडला. सालीखालील जंतूंचे प्रमाण गॉजखालच्यापेक्षा विशेष निराळे नव्हते. पण साल जखमेला कोरडे पडू देत नव्हती, त्यामुळे उरलेल्या जिवंत पेशी वाचत आणि त्वचा लवकर येई.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी हाच विचार केळीच्या पानापर्यंत नेला. केळीच्या पानाचा पृष्ठभाग मेणचट आणि गुळगुळीत असतो, तो जखमेला चिकटत नाही. २००३ मध्ये त्यांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. पट्टी काढताना वेदना जवळजवळ होत नाहीत आणि खर्च कित्येक पटींनी कमी येतो, असे त्यांत आढळले. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मधात भिजवलेल्या गॉजची तुलना चांदीयुक्त मलमाशी करून मधाचे निकाल चांगले आल्याचे मांडले होते.

हे वाचून कोणी परसातील केळीचे पान तोडून थेट जखमेवर ठेवू नये, ही कळकळीची विनंती. रुग्णालयातील पाने आणि साली दाबाखालील वाफेने निर्जंतुक केलेल्या असत. परसातील पानावर माती आणि जंतू असतात. स्वयंपाकघरातील मधाचेही तसेच. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाला ते धोक्याचे ठरतात. या तीनही प्रयोगांतून घरी नेण्याजोगी गोष्ट वस्तू नसून तत्त्व आहे : जखमेला न चिकटणारी, तिला कोरडी न पाडणारी आणि स्वच्छ अशी पट्टी हवी.

दुकानातील पट्ट्यांची ओळख

साधे गॉज पाझर चांगला शोषते आणि स्वस्त असते, पण उघड्या जखमेवर थेट लावल्यास चिकटते. ते वरच्या थरासाठी वापरावे. कापूस तर उघड्या जखमेवर कधीच ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

पॅराफिन गॉज म्हणजे व्हॅसलिनसारख्या स्निग्ध पदार्थात बुडवलेली जाळी. खरचटणे आणि वरवरचे भाजणे यांसाठी ही बहुतेक घरांना परवडणारी आणि पुरेशी पट्टी आहे. तिच्यावर साध्या गॉजचा थर द्यावा लागतो. ती वाळली तर तीही चिकटते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या अवधीत बदलावी.

सिलिकॉनचा मऊ थर असलेली जाळी किंवा फोम त्वचेला हळुवार धरतो आणि काढताना सोलत नाही. फोम मध्यम पाझर शोषतो आणि बहुधा काही दिवस ठेवता येतो. किंमत जास्त असते. पण दर वेळी आक्रोश करणाऱ्या मुलाची पट्टी रोज बदलण्याऐवजी चार दिवसांनी बदलता आली, तर एकूण खर्च आणि यातना दोन्ही कमी होऊ शकतात.

पारदर्शक फिल्म लहान, स्वच्छ आणि जवळपास न पाझरणाऱ्या जखमेसाठी असते. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर ती लावू नये.

हायड्रोकोलॉइड पट्टी पाझर शोषून त्याचा जेलीसारखा थर बनवते. काढताना पिवळसर, किंचित वास येणारा द्रव दिसतो. पुष्कळजण त्याला पू समजून घाबरतात. पुसल्यावर खालची जखम लालसर आणि स्वच्छ असेल, तर तो पट्टीचाच भाग होता. तिचा चिकटपणा मात्र नाजूक त्वचेला बाधू शकतो.

अल्जिनेट ही समुद्री शेवाळापासून बनवलेली पट्टी फार पाझरणाऱ्या जखमेसाठी असते, कोरड्या जखमेवर नको. हायड्रोजेल याच्या उलट कोरड्या जखमेला ओल देते. तान्ह्या बाळाच्या मोठ्या भागावर ते लावल्यास अंग गार पडण्याचा धोका असतो.

चांदीयुक्त पट्टी जंतुसंसर्ग झाला असेल किंवा होण्याची दाट शक्यता असेल तेव्हाच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. “चांदीची म्हणजे उत्तम” असे समजून ती आठवडेच्या आठवडे लावत राहू नये.

कोलाजेनचा पातळ पापुद्रा वरवरच्या ताज्या भाजण्यावर रुग्णालयात बसवतात. तो वाळून त्वचेला धरून राहतो आणि खालची त्वचा आली की आपोआप सुटतो. घरी तो ओढून काढू नये. सुटलेला कडेचा भाग बोथट कात्रीने कापावा.

खरेदीपूर्वी पाच प्रश्न

दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला हे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. आपल्या वयात केवळ स्मरणशक्तीवर विसंबू नये.

१. जखम वरवरची आहे की खोल, आणि साधारण किती दिवसांत भरावी?

२. पाझर किती अपेक्षित आहे? वरची पट्टी किती भिजली म्हणजे बदलायची?

३. जखमेला टेकणारा पहिला थर कोणता? तो रोज बदलायचा की केवळ वरचा थर बदलायचा?

४. जखम सांध्यावर, बोटांमध्ये किंवा लंगोटाच्या जागी असेल तर पट्टी कशी बांधायची?

५. सांगितलेली पट्टी मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर तिच्याऐवजी काय चालेल?

पाचवा प्रश्न विचारण्यात संकोच नको. आजींच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. हातावरील वरवरच्या भाजण्यासाठी पॅराफिन गॉज, त्यावर साधे गॉज आणि सैलसर बँडेज ही रचना योग्य काळजीने वापरली तर नातवाचे काहीच नुकसान होत नाही. पैसे हाताशी असतील आणि मूल पट्टी बदलताना फार घाबरत असेल, तर सिलिकॉनच्या पट्टीवर केलेला खर्च वाया जात नाही. पण कर्ज काढून ती घेण्याचे कारण नाही.

चौथ्या प्रश्नाचे महत्त्व आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे चौदा बंध वर्णन केले आहेत, आणि शरीराचा भाग जसा, तसा बंध निवडावा असा त्यांचा रोख आहे. भाजलेली बोटे एकत्र गुंडाळली तर ती एकमेकांना चिकटून भरतात. म्हणून प्रत्येक बोट वेगळे बांधावे किंवा बोटांमध्ये पट्टी ठेवावी.

पट्टी बदलताना

ही वेळ मुलाच्या मनावर दीर्घकाळ कोरली जाते. पहिल्या वेळी फार दुखले, तर पुढच्या प्रत्येक वेळी मूल पट्टी दिसताच थरथरू लागते. म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असेल तर ते पट्टी बदलण्याच्या साधारण अर्धा ते पाऊण तास आधी, मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या मात्रेतच द्यावे.

घरात दोन माणसे असावीत. एकाने मुलाला मांडीवर घ्यावे, दुसऱ्याने पट्टी बदलावी. मुलाला आडवे दाबून धरण्यापेक्षा कुशीत बसवलेले बरे. आपला हात कापत असेल किंवा जवळचे नीट दिसत नसेल, तर मांडीवर घेण्याचे काम आपण करावे आणि पट्टीचे काम दुसऱ्यावर सोपवावे. तसे कोणी नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला विचारावे. यात कमीपणा नाही.

चष्मा लावावा, खिडकीजवळ बसावे, साहित्य आधी मांडून ठेवावे, आणि साबणाने हात धुऊन मगच सुरुवात करावी. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नये. सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या कोमट पाण्याने ती भिजवून, सुटेपर्यंत वाट पाहावी. चिकटपट्टी वर उचलून ओढण्याऐवजी त्वचेला समांतर, हळूहळू मागे दुमडत काढावी आणि दुसऱ्या हाताने त्वचा धरून ठेवावी. जखमेपासून दूरच्या कडेला थोडे खोबरेल तेल लावले तर ती सहज सुटते. मुलांसाठी कागदी चिकटपट्टी वापरावी. त्याहूनही बरे म्हणजे चिकटपट्टी त्वचेला न लावता बँडेजवरच लावावी.

“मुळीच दुखणार नाही” असे मुलाला सांगू नये. “थोडे झोंबेल, मी दहा आकडे मोजते, मग आपण थांबू,” असे सांगावे आणि दहा झाल्यावर खरोखर थांबावे. कापडाची एक घडी मुलाच्या हाती द्यावी, त्याला बाहुलीच्या हातावर पट्टी बांधू द्यावी. येथे आजी-आजोबांची गोष्ट सांगण्याची हातोटी फार उपयोगी पडते, कारण लक्ष गुंतले की वेदना खरोखरच कमी जाणवते.

बांधून झाल्यावर बोटांची टोके पाहावीत. नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. टोके गार, निळसर किंवा सुजलेली दिसली, तर बँडेज घट्ट झाले आहे. ते लगेच सैल करावे.

मोहोपाड्याचा पावसाळा

आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की वाळत घातलेले कपडेही सुकत नाहीत. बाहेरून भिजलेली पट्टी जंतूंना आत येण्याची वाट देते, म्हणून ती ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलावी. आंघोळीच्या वेळी पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि नंतर लगेच काढावी, नाहीतर आत घाम साचतो. पायाला जखम असलेल्या मुलाला अंगणातल्या चिखलात अनवाणी जाऊ देऊ नये. जखम उघडी राहून तिच्यावर माश्या बसू देऊ नयेत. पट्ट्यांची पाकिटे मोरीजवळ न ठेवता झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावीत, आणि फोडलेल्या पाकिटातील उरलेला तुकडा पुढच्या वेळेसाठी राखू नये.

पट्टीच्याही आधी

भाजल्याबरोबर नळाचे वाहते, साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको. भाजलेला भाग गार करावा, पण बाकीचे अंग उबदार ठेवावे. बांगड्या, कडे, मनगटाचा दोरा सूज येण्यापूर्वी काढावा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कॉफी यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी आग शमत नाही, आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसत नाही. फोड फोडू नयेत. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यातून आलेले डबे आणि पिंपे घरात वापरण्याची सवय आहे, ती सोडावी. रसायन अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे काढून भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कोणतीही उघडी जखम झाली की माता-बाल संरक्षण कार्ड काढून पाहावे. धनुर्वाताचे संरक्षण देणाऱ्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ व्या वर्षी आणि पुढे १० व १६ व्या वर्षी दिल्या जातात. राहून गेली असेल तर डॉक्टरांना सांगावे.

येथे थांबू नका

पुढील परिस्थितीत घरी पट्टी निवडत बसू नये. मुलाचा तळहात बोटांसह धरला तर तो त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. तेवढे किंवा त्याहून अधिक भाजले असेल तर. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल तर. वीज किंवा रसायनाने भाजले असेल तर. मूल एक वर्षाखालील असेल तर. जखम पांढरी, चामड्यासारखी, न दुखणारी असेल तर. न दुखणे हे येथे चांगले लक्षण नसून खोल भाजल्याचे चिन्ह आहे.

पहिल्या काही दिवसांत लालसरपणा पसरू लागला, वेदना वाढल्या, दुर्गंधी आली, तर लगेच दाखवावे. आणि हे विशेष लक्षात ठेवावे : भाजणे अगदी लहान असले तरी त्यानंतर मुलाला ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा जुलाब आणि मलूलपणा आला, तर क्वचित होणाऱ्या पण जीवघेण्या विषबाधेची ती सुरुवात असू शकते. जखम वरून चांगली दिसत असतानाही असे घडते. १०८ क्रमांकावर फोन करावा, रात्र असली तरी.

दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर भाजण्यावरील तज्ज्ञांना दाखवावे. तीन आठवड्यांहून अधिक लांबलेल्या जखमेवर जाड, ओढून धरणारा व्रण राहण्याची शक्यता वाढते, आणि मूल वाढताना तो व्रण सांधा आखडून टाकतो. मोहोपाड्याहून पनवेल जवळ आहे, आणि पुढे ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर केवळ भाजलेल्या रुग्णांसाठीच आहे.

जखम भरल्यावर पट्टी सुटते, शुश्रूषा मात्र काही महिने चालते. नवी त्वचा कोरडी असते आणि खाजते. तिला दिवसातून दोन-तीन वेळा साध्या तेलाने किंवा सुगंधविरहित मलमाने हलके चोळावे, उन्हापासून झाकावे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सांध्याचे व्यायाम खेळाच्या रूपाने करून घ्यावेत. मुलाची नखे कापलेली ठेवावीत.

पुढील अंकात अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या पाठीवर आणि टाचांवर होणाऱ्या जखमांविषयी, आणि त्या होऊच नयेत म्हणून काय करावे याविषयी लिहू.